सारथी आणि धनुर्धर : क्वार्टरबॅकच्या थोरवीचा इतिहास

महाभारताच्या मौसलपर्वातील एक प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. कृष्णाच्या निधनानंतर द्वारकेतील स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत आभीर लुटारू तुटून पडतात, आणि कुरुक्षेत्र गाजवणाऱ्या त्या हातांना गांडीव नीट पेलवत नाही. पराक्रम धनुर्धराचा की सारथ्याचा, हा प्रश्न महाकाव्य त्या क्षणी आपल्यासमोर टाकते आणि उत्तर न देता पुढे निघून जाते. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो, त्याच्या इतिहासात हाच प्रश्न वेगळ्या वेषात वारंवार उभा राहतो : थोर क्वार्टरबॅकची थोरवी कितपत त्याची स्वतःची, आणि कितपत त्याच्या प्रशिक्षकाची व सहकाऱ्यांची? कर्तृत्वाची वाटणी हा वाङ्मयाच्या अभ्यासकांचा जुना विषय असल्याने या वादाकडे थोडे बारकाईने पाहणे उपयोगाचे ठरेल, असे आम्हांस वाटते.

खेळ अनेकांस अपरिचित असेल, म्हणून आधी दोन शब्द. प्रत्येक संघात अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू बहुधा क्वार्टरबॅकच्या हाती येतो. तो चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती देतो किंवा दूरवर फेकतो. चेंडू पुढे फेकण्यास १९०६ साली नियमांनी मान्यता दिली, आणि पुढील काही दशकांत हा खेळाडू संघाचा केंद्रबिंदू झाला. फेकण्यापूर्वी त्याला दोन-तीन सेकंदच मिळतात, आणि तेही समोरचे पाच धिप्पाड लाइनमन प्रतिपक्षाचा लोंढा अडवून धरतात म्हणून. प्रेक्षकांचे डोळे मात्र चेंडूमागे धावतात. त्या पाच जणांकडे सहसा कोणी पाहत नाही.

मुळात चाल कोणी ठरवायची, हाच या इतिहासातील कळीचा मुद्दा आहे. क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी तो अधिकार स्वतःकडे ठेवला. दर चालीला एक खेळाडू बदलून त्याच्या तोंडी ते पुढील चाल मैदानात धाडीत. १९५६ साली त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून पाहिला, परंतु लीगने त्यावर बंदी घातली. त्यांचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम १९४६ ते १९५५ असे दहा हंगाम खेळला. या दहाही वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि सात वेळा विजेता ठरला. ग्रॅहम निवृत्त झाल्यावर पुढच्याच हंगामात, त्याच ब्राउन यांच्या हाताखाली, संघ पाच सामने जिंकला आणि सात हरला. सारथी होता, धनुर्धर नव्हता. एवढ्यावरून कोणी निष्कर्ष काढू म्हणेल, तर त्याने जरा थांबावे.

बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉनी युनायटस हा ग्रॅहमच्या नेमका विरुद्ध टोकाचा. पिट्सबर्गच्या संघाने १९५५ साली त्याला निवडले आणि हंगामापूर्वीच काढून टाकले. त्या वर्षी तो एका हौशी वळणाच्या संघात सामन्यामागे सहा डॉलर घेऊन खेळला. पुढे कोल्ट्समध्ये तो आपल्या चाली स्वतः ठरवी. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर झालेला अंतिम सामना जादा वेळेत २३-१७ असा जिंकला गेला, त्यातील चालींचा कर्ता खऱ्या अर्थाने तोच होता. पण त्या सामन्यात रेमंड बेरीने त्याचे बारा पास झेलले, आणि बरोबरी साधून देणाऱ्या अखेरच्या चढाईत लागोपाठ तीन. सराव संपल्यावरही हे दोघे मैदानात थांबून एकेक फेक घोटवीत असत. इतक्या स्वतंत्र बुद्धीच्या खेळाडूचे स्वातंत्र्यसुद्धा दुसऱ्या कोणाच्या तरी पावलांवर विसंबून होते.

याच युनायटसच्या जागी आलेल्या एका खेळाडूची कथा आम्हांस या साऱ्या वादात सर्वांत बोलकी वाटते. १९६८ साली युनायटसच्या हाताला दुखापत झाली आणि चौतीस वर्षांचा अर्ल मोरॉल मैदानात उतरला. तोवर तो संघामागून संघ बदलत आला होता. डॉन शुला यांच्या मार्गदर्शनाखाली कोल्ट्सनी त्या हंगामात तेरा सामने जिंकले व एकच गमावला, आणि मोरॉल लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. चार वर्षांनी शुला मायामी डॉल्फिन्सचे प्रशिक्षक असताना त्यांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी जायबंदी झाला. शुलांनी पुन्हा मोरॉललाच उभे केले. वय अडतीस. डॉल्फिन्सनी १९७२ च्या हंगामातील सर्वच्या सर्व सतरा सामने जिंकले, आणि लीगच्या इतिहासात तसे आजतागायत दुसऱ्या कोणास साधलेले नाही. त्या संघातील दोन धावपटूंनी प्रत्येकी हजार यार्डांची मजल मारली होती. मोरॉलने चालत्या यंत्राला धक्का लागू दिला नाही, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते आणि तेवढे त्याने चोख केले.

तेव्हा सारे श्रेय यंत्राचेच म्हणावे काय? तर नाही. जानेवारी १९६९ च्या सुपर बोलमध्ये याच मोरॉलचे तीन पास पूर्वार्धातच प्रतिपक्षाच्या हाती पडले. उत्तरार्धात दुखऱ्या हाताचा युनायटस आला आणि कोल्ट्सचा एकुलता एक टचडाउन त्याच्या चढाईतून झाला. सामना न्यूयॉर्क जेट्सनी १६-७ असा जिंकला. व्यवस्था मोडकळीस आली की हाताचा फरक कळतो, ही यातली एक शिकवण. दुसरी अधिक मजेची आहे. त्या सामन्याचा मानकरी ठरला जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ, ज्याने एकही टचडाउन पास फेकला नव्हता. जेट्सचा एकमेव टचडाउन धावपटू मॅट स्नेलचा होता. पण नेमथने आधी विजयाची ग्वाही दिली होती, आणि लोकांना कथेसाठी नायक हवा असतो.

पुढील पिढीत बिल वॉल्श यांचे नाव येते. पॉल ब्राउन यांच्याच हाताखाली ते सिनसिनाटी येथे काम करीत होते. तेथील ग्रेग कुक हा बलदंड फेकीचा तरुण खांद्याच्या दुखापतीने गमावला गेला, आणि हाती राहिला व्हर्जिल कार्टर. त्याच्या हातात फारसे बळ नव्हते. म्हणून वॉल्श यांनी आखूड, आडव्या आणि काटेकोर वेळेवर बेतलेल्या पासांची पद्धत रचली. १९७१ मध्ये यशस्वी पासांच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला. ज्या पद्धतीने पुढे दोन दशके गाजवली, ती एका उणिवेतून जन्मली हे ध्यानात घ्यावयास हवे.

१९७९ साली वॉल्श सॅन फ्रान्सिस्कोला आले. त्या वर्षी त्यांच्या स्टीव्ह डीबर्गने पास फेकण्याचे आणि ते पूर्ण करण्याचे दोन्ही विक्रम मोडले, आणि संघ सोळांपैकी चौदा सामने हरला. त्याच वर्षी निवडीच्या तिसऱ्या फेरीत, ब्याऐंशीव्या क्रमांकावर, त्यांनी जो मोन्टॅना घेतला. पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे : चार सुपर बोल विजय, आणि त्या चार सामन्यांत फेकलेल्या १२२ पासांपैकी एकही प्रतिपक्षाच्या हाती नाही. चौथा विजय जानेवारी १९९० मधला, वॉल्श गेल्यानंतरचा. मोन्टॅना स्वयंसिद्ध होता याचा हा पुरावा मानला जातो. मात्र संघ, पद्धत आणि जेरी राइससारखा झेलणारा, हे सारे वॉल्श मागे ठेवून गेले होते. १९९३ मध्ये मोन्टॅना कॅन्सस सिटीला गेला, तेव्हा तेथील आक्रमणाची सूत्रे पॉल हॅकेट यांच्याकडे होती. हॅकेट पूर्वी वॉल्श यांचे सहायक होते. गाव बदलले, भाषा तीच राहिली.

मोन्टॅनाच्या जागी आलेल्या स्टीव्ह यंगची कहाणी याहून स्पष्ट आहे. टँपा बे येथे तो एकोणीस सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि त्यांपैकी तीनच जिंकले गेले. १९८७ साली त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकण्यात आले. १९९२ आणि १९९४ साली तोच लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि जानेवारी १९९५ च्या सुपर बोलमध्ये त्याने सहा टचडाउन पास फेकले. टँपामध्येच तो संपला असता, तर एक फसलेली निवड एवढीच त्याची नोंद उरली असती. याच्या उलट डॅन मरिनो. १९८४ साली त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउनचे विक्रम केले. त्याचे प्रशिक्षक होते शुला, म्हणजे लीगच्या इतिहासात सर्वाधिक सामने जिंकलेले गृहस्थ. तरीही तो एकदाच सुपर बोलपर्यंत पोहोचला आणि मोन्टॅनाच्या संघाकडून हरला. थोर सारथी व थोर धनुर्धर एकाच रथात असूनही युद्ध जिंकता येत नाही, याचे हे उदाहरण.

टॉम ब्रेडी आणि बिल बेलिचिक या जोडीने तर हा वाद घरोघरी नेला. न्यू इंग्लंडमध्ये दोघांनी मिळून सहा सुपर बोल जिंकले. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडी जखमी झाला. शाळा सोडल्यापासून एकाही सामन्यात सुरुवातीपासून न खेळलेल्या मॅट कॅसलने त्याची जागा घेतली आणि संघाने अकरा सामने जिंकले. प्रशिक्षकाच्या बाजूचे लोक हे उदाहरण देतात. दुसऱ्या बाजूचे लोक २०२० कडे बोट दाखवतात : ब्रेडी टँपा बे येथे गेला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला, तर बेलिचिक यांचा संघ सात सामने जिंकून नऊ हरला. दोन्ही दाखले खरे आहेत, आणि दोन्ही अपुरे. फेब्रुवारी २०२१ च्या त्या अंतिम सामन्यात टँपाच्या बचाव फळीने कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करू दिला नाही. कॅन्सस सिटीचे दोन्ही कडांचे नेहमीचे लाइनमन त्या दिवशी खेळत नव्हते, आणि पॅट्रिक महोम्ससारखा खेळाडू सामनाभर जीव मुठीत धरून पळत होता. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही, ते नसले की काय होते हे त्या दिवशी दिसले.

या साऱ्या घटना कालक्रमाने मांडल्या की एक विसंगती नजरेत भरते. १९९४ पासून लीगने क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओला अधिकृत परवानगी दिली. पॉल ब्राउन यांचे जुने स्वप्न खरे झाले. चाल ठरविण्याचा अधिकार मैदानावरून बाजूरेषेवर गेला. चाल सुरू होण्याआधी तो आवाज बंद होतो, आणि तेथून पुढचे तीन सेकंद तेवढे खेळाडूचे. पण याच काळात सामन्यातील जय-पराजय क्वार्टरबॅकच्या नावावर मांडण्याची रीत पक्की झाली. कर्तेपण जसजसे वाटले गेले, तसतसा कर्त्याचा लौकिक एकवटत गेला. वाङ्मयाच्या इतिहासात हे आपण पाहिलेले आहे. संपादक, मुद्रक, अनुवादक यांचे हात जितके वाढतात, तितके मुखपृष्ठावरचे एकच नाव ठळक होत जाते.

हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न असता, तर त्यात एवढे गुंतण्याचे कारण नव्हते. त्याला एक वेदनादायक बाजू आहे. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, ही कल्पना रूढ झाल्यावर ते स्थान कृष्णवर्णीयांसाठी नाही असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. मोरॉल सर्वोत्कृष्ट ठरला त्याच १९६८ साली डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय तरुणाने काही सामन्यांपुरती ती जागा मिळवली आणि चौदा टचडाउन पास फेकले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा नाकारण्यात आली. बफेलोच्या संघाने त्याला पास झेलणारा केले, आणि त्यातही त्याने नाव मिळवले. १९७२ च्या त्या अपराजित डॉल्फिन्स संघात ब्रिस्को होता, चेंडू झेलणाऱ्यांच्या रांगेत. मोरॉलला वयाच्या अडतिसाव्या वर्षीही कोणीतरी पुन्हा बोलावणारा होता. ब्रिस्कोला तेविसाव्या वर्षी दुसरी संधी मिळाली नाही. वॉरन मूनला १९७८ साली कोणत्याही संघाने निवडले नाही. तो कॅनडाला गेला, तेथील अजिंक्यपद त्याच्या संघाने सलग पाच वर्षे जिंकले, आणि मगच मायदेशी त्याच्यासाठी दार उघडले. जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्सने सुपर बोलच्या एकाच पावभागात चार टचडाउन पास फेकले, तेव्हा तो सामना जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणून त्याची नोंद झाली. दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असलेला पहिला सुपर बोल पाहण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

म्हणून आमच्या मते, श्रेय किती टक्के कोणाचे हा प्रश्न विचारण्यात फारसे हशील नाही. गुण व्यवस्थेच्या आधारानेच प्रकट होतो, हे एकदा मान्य केले की अधिक कठीण प्रश्न समोर येतो : तो आधार कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला? यंगला दुसरे शहर मिळाले, म्हणून आपल्याला यंग कळला. ज्यांना पहिलेच मिळाले नाही, त्यांची थोरवी मोजण्यासाठी कोणताही तक्ता उपलब्ध नाही. थोरांच्या याद्या वाचताना आणि वर्गात शिकविताना, त्या याद्यांबाहेरच्या या रिकाम्या जागेची जाणीव ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.