हृदय आणि किडनीच्या आजारात प्रथिने व मेटाबोलाइट: वाढलेला आकडा कसा वाचायचा?

मधुमेह दहा वर्षांचा आहे आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ आहे. मग किडनी ठणठणीत आहे असे रुग्ण आणि नातेवाईक दोघेही धरून चालतात. काही महिन्यांनी ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये होमोसिस्टीन ठळक अक्षरांत वाढलेले दिसते आणि त्याच रुग्णाची हार्ट अटॅकच्या भीतीने झोप उडते. दोन्ही वेळा चूक एकच होते. एखादा रेणू रक्तात किती आहे एवढेच पाहिले जाते, तो तिथे का आहे हे कोणी विचारत नाही.

प्रथिने आणि मेटाबोलाइट म्हणजे काय?

प्रथिने आपल्या पेशी तयार करतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतील प्रथिन आहे, तर अल्ब्युमिन यकृतात बनते. चयापचयाच्या क्रियांमध्ये तयार होणाऱ्या किंवा वापरल्या जाणाऱ्या लहान रेणूंना मेटाबोलाइट म्हणतात. ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन आणि अमिनो आम्ले ही त्याची उदाहरणे. म्हणजे साधी रक्तशर्करा तपासणे हीसुद्धा मेटाबोलाइटचीच तपासणी आहे.

फरक संख्येचा आहे. नेहमीच्या लॅबमध्ये आपण एकेक पदार्थ मोजतो. प्रोटिओमिक्स आणि मेटाबोलोमिक्स या पद्धतींत एकाच नमुन्यातील शेकडो ते हजारो रेणू एकदम मोजले जातात. त्यासाठी रेणूंचे वजन आणि विद्युतभार यांवरून ते ओळखणारे मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात, किंवा ठरावीक प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरतात. ब्रिटनमधील यूके बायोबँक प्रकल्पात ५४ हजारांहून अधिक लोकांच्या रक्तातील सुमारे २,९०० प्रथिने मोजली गेली आणि ते काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्या बायोबँकेतील बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. तिथून निघालेले निष्कर्ष आपल्याकडे पडताळून घेतल्याशिवाय जसेच्या तसे लावता येत नाहीत.

टाकी का भरली?

गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली असेल तर दोन शक्यता असतात: पाणी जास्त येत आहे, किंवा खाली जाणारा पाइप तुंबला आहे. रक्तातील अनेक रेणूंचे तसेच असते. ते कुठेतरी तयार होतात, आणि त्यातील बरेचसे किडनीवाटे बाहेर पडतात. त्यामुळे हृदयाच्या आजाराचा म्हणून मोजलेला आकडा किडनी मंदावल्यामुळेही वाढू शकतो. हृदय आणि किडनीचे आजार बऱ्याचदा एकाच माणसात असतात, म्हणून हा प्रश्न रोजच समोर येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये हृदय, किडनी आणि चयापचय यांच्या या एकत्रित आजाराला स्वतंत्र नावही दिले.

क्रिएटिनिनपासूनच सुरुवात करू. ते स्नायूंमध्ये तयार होते, म्हणून पैलवानाचे जास्त आणि कृश आजीबाईंचे कमी असते. आजींचा १.० हा आकडा लॅबच्या मर्यादेत बसतो, पण त्यांच्या वयाला आणि शरीराला तो किडनीचे काम मंदावल्याची खूण असू शकतो. किडनीची निम्म्याच्या आसपास क्षमता जाईपर्यंतही क्रिएटिनिन मर्यादेत राहू शकते. उलट, तपासणीआधी भरपूर मटण खाल्ले, क्रिएटिनची पावडर घेतली किंवा को-ट्रायमॉक्साझोलसारखे औषध चालू असले, तर किडनीला इजा न होताही ते वाढते.

अशा वेळी सिस्टॅटिन सी हे प्रथिन उपयोगी पडते. शरीरातील जवळजवळ सगळ्या पेशी ते बनवतात, त्यामुळे स्नायूंच्या प्रमाणाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. स्टिरॉइड, थायरॉइडचे विकार आणि धूम्रपान यांनी मात्र तेही बदलते. दोन्ही आकडे एकत्र घेऊन काढलेला ईजीएफआर एकट्या क्रिएटिनिनवरून काढलेल्यापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात येते. दीर्घकालीन किडनी विकाराच्या, विशेषतः डायलिसिसवरच्या रुग्णांत ते कायमच थोडे वाढलेले असू शकते. इथे दोन टोकाच्या चुका होतात. एकीकडे आकडा वाढला म्हणून प्रत्येक वेळी हार्ट अटॅक ठरवला जातो. दुसरीकडे ‘किडनीमुळे वाढलेले आहे’ म्हणून तो सोडून दिला जातो. ही दुसरी चूक मला जास्त धोक्याची वाटते. स्थिर राहिलेले वाढीव ट्रोपोनिनही निरर्थक नसते. अशा रुग्णांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. झटका आला आहे का, हे ठरवताना काही तासांच्या अंतराने नमुना पुन्हा घेऊन आकडा चढतो किंवा उतरतो का हे पाहतात, आणि सोबत ईसीजी व लक्षणे तपासतात.

एनटी-प्रोबीएनपी हृदयाच्या कप्प्यांवर ताण आला की वाढते. धाप लागलेल्या रुग्णात हृदय कमजोर झाले आहे का हे शोधायला ते उपयोगी पडते. किडनी मंद असेल, तर ते मुळातच जास्त दिसते. लठ्ठ व्यक्तीत मात्र ते अपेक्षेपेक्षा कमी येते, म्हणून ‘रिपोर्ट चांगला आहे’ एवढ्यावर धाप दुर्लक्षित करू नये. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे औषध चालू असेल तर साधे बीएनपी औषधामुळेच वाढते. त्या रुग्णांत एनटी-प्रोबीएनपीच मोजतात.

माशांचे कोडे

२०११ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी मेटाबोलोमिक्स वापरून टीएमएओ हा रेणू हृदयविकाराशी जोडला. अंडी आणि लाल मांस यांतील कोलीन आणि कार्निटिन यांपासून आतड्यातील जंतू एक वायू तयार करतात, आणि यकृत त्याचे टीएमएओ बनवते. ज्यांच्या रक्तात टीएमएओ जास्त, त्यांना झटक्याचे प्रमाण जास्त, असे पुढच्या अभ्यासांतही दिसले.

पण समुद्रातील माशांमध्ये टीएमएओ आयतेच असते. बांगड्याचे कालवण जेवल्यावर कोकणातल्या माणसाच्या रक्तात ते वाढणारच, आणि मासे खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त असल्याचे तर दिसत नाही. शिवाय टीएमएओ किडनीवाटे बाहेर जाते, त्यामुळे किडनी मंदावली की ते साचते. मग ते धमन्यांचे नुकसान करते, की आधीच बिघडत चाललेल्या किडनीची बातमी देते? प्राण्यांवरील प्रयोगांत नुकसानीचे पुरावे आहेत. माणसांत हा वाद मिटलेला नाही, म्हणून ही तपासणी करून आहार बदलण्याचा सल्ला मी देत नाही.

होमोसिस्टीन: गोळी घेऊन आकडा उतरवला, मग?

होमोसिस्टीन या मेटाबोलाइटची गोष्ट प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे, कारण आपल्याकडे पॅकेजमध्ये ते हमखास असते. बी-१२ कमी असले की ते वाढते, आणि शाकाहारी कुटुंबांत बी-१२ ची कमतरता खूप आढळते. किडनीच्या आजारातही ते वाढते. जास्त होमोसिस्टीन असणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो, मग ते कमी केले की धोका कमी होईल, असे वाटणे साहजिक होते.

२००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. फॉलिक अॅसिड आणि ब जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरले, पण हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्यातील एका चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण थोडे कमी दिसले, एवढेच. २०१० मध्ये कॅनडात मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या २३८ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ब जीवनसत्त्वांचे मोठे डोस घेणाऱ्यांची किडनी प्लासिबो (औषध नसलेल्या गोळ्या) घेणाऱ्यांपेक्षा वेगाने खालावली. आकडा सुधारला होता, रुग्ण सुधारला नव्हता.

याचा अर्थ बी-१२ ची खरी कमतरता असेल तर उपचार घेऊ नयेत असा नाही. नसा आणि रक्तासाठी ते आवश्यकच आहे. पण नुसते होमोसिस्टीन वाढले म्हणून, आणि तेही किडनीचा आजार असताना, मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत.

लघवीतील २७३ तुकडे

किडनीच्या बाबतीत प्रोटिओमिक्सचे सर्वाधिक तपासलेले उदाहरण लघवीतले आहे. सीकेडी २७३ या चाचणीत लघवीतील प्रथिनांचे २७३ तुकडे एकत्र वाचले जातात. त्यातील बरेचसे कोलॅजेनचे असतात. किडनीत व्रण धरू लागले की कोलॅजेनचे विघटन मंदावते आणि लघवीत येणारे तुकडे कमी होतात, असे मानले जाते.

युरोपात टाइप २ मधुमेहाच्या १,७७५ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. या सगळ्यांची लघवीतील अल्ब्युमिन तेव्हा नॉर्मल होती. चाचणीने ‘जास्त धोका’ सांगितलेल्यांपैकी २८ टक्के लोकांच्या लघवीत पुढे अल्ब्युमिन येऊ लागले, बाकीच्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. भाकीत बऱ्यापैकी जमले. पण जास्त धोक्याच्या गटाला स्पायरोनोलॅक्टोन देऊनही हे ठामपणे रोखता आले नाही. आधी कळण्याचा फायदा रुग्णाला मिळण्यासाठी त्या टप्प्यावर चालणारे औषधही हातात असावे लागते.

आज कोणत्या तपासण्या कराव्यात?

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिनवरून ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ही जोडी करून घ्या. दुसरी तपासणी स्वस्त असूनही सर्रास राहून जाते. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर ती पुढे ढकला. गुणोत्तर ३० मिलीग्रॅम प्रति ग्रॅमपेक्षा जास्त आले, तर तीन ते सहा महिन्यांच्या काळात पुन्हा तपासून खात्री करतात. खात्री झाली की किडनी आणि हृदय दोन्ही सांभाळणारी औषधे आज उपलब्ध आहेत, आणि ती लवकर सुरू करण्यात अर्थ असतो. कोलेस्टेरॉलसोबत लिपोप्रोटीन (ए) आयुष्यात एकदा मोजणेही योग्य ठरते. ते प्रामुख्याने जनुकांवर ठरते, त्यामुळे सहसा दरवर्षी तपासावे लागत नाही. शेकडो प्रथिनांचे महागडे पॅनेल मात्र अजून मुख्यतः संशोधनापुरते आहेत.

किडनीचा आजार असलेल्यांनी जुने रिपोर्ट टाकून देऊ नयेत. छातीत दुखणे, दडपण येणे किंवा अचानक धाप लागणे यांपैकी काही झाले, तर घरी लॅबचा माणूस बोलावून ट्रोपोनिन करत बसू नका, ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. आधीचा ट्रोपोनिनचा रिपोर्ट आणि शेवटचा ईसीजी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. तुमच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहता आले, तर तातडीच्या विभागातील डॉक्टरांचा निर्णय लवकर होतो.