नावाकडून क्रमांकाकडे : कळंबच्या निमित्ताने अनन्य ओळखक्रमांकाचा इतिहास

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे श्रीचिंतामणीचे क्षेत्र म्हणून विदर्भात परिचित असलेले तालुक्याचे ठिकाण होय. तथापि केवळ 'कळंब' एवढाच पत्ता लिहिलेले पत्र येथेच पोहोचेल असे नाही. धाराशिव जिल्ह्यातही कळंब हा तालुका आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत याच नावाची गावे आहेत. नावाने ओळख होते, परंतु ते अनन्य असतेच असे नाही. प्रशासनाने व पुढे संगणकशास्त्राने ही अडचण कशी सोडविली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अर्थवाही क्रमांक :

वऱ्हाडात इंग्रजी अंमलात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि शेताला सर्व्हे नंबर मिळाला. मात्र हे नंबर प्रत्येक गावात १ पासूनच सुरू होत. गाव, तालुका व जिल्हा यांची जोड दिल्याशिवाय सर्व्हे नंबरने जमीन निश्चित होत नसे.

याच तत्त्वाचा देशव्यापी विस्तार म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड होय. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक. सारखी गावनावे, अनेक लिप्या व चुकीचे पत्ते यांवर त्यांनी सहा अंकांचा तोडगा काढला. ४४५४०१ या कळंबच्या पिनकोडमधील पहिला अंक विभाग दर्शवितो, पहिले तीन अंक टपाल-छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन वितरण डाकघर. धाराशिवमधील कळंबचा पिनकोड ४१३५०७ आहे. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, पण पिनकोड तोच राहिला. क्रमांकाचे सामर्थ्य येथे दिसते. अर्थात पिनकोड डाकघराचा असतो, गावाचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत मात्र प्रत्येक गावाला स्वतंत्र सहा अंकी संकेतांक देण्यात आला.

अर्थशून्य क्रमांक :

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. आधारचे बारा अंक यादृच्छिक असतात. त्यांतून जात, धर्म वा गाव कळू नये, अशी तरतूद २०१६ च्या कायद्यातही आहे. शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीचा पडताळा-अंक असल्याने लिहिताना झालेली एका अंकाची चूक लगेच ध्यानात येते. मात्र एकाच व्यक्तीला दोन क्रमांक जाऊ नयेत यासाठी बोटांचे ठसे व बुबुळे यांची केंद्रीय नोंदींशी तुलना करावी लागते.

केंद्रीय नोंदवहीशिवाय अनन्यता साधण्याचा मार्ग संगणकशास्त्राने १९८० च्या दशकात अपोलो कॉम्प्युटर या कंपनीच्या प्रणालीत शोधला. त्यातून विकसित झालेल्या यूयूआयडी या १२८ बिटांच्या ओळखक्रमांकाचे मानक २००५ मध्ये इंटरनेटसाठी प्रसिद्ध झाले. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. प्रारंभी घड्याळाची वेळ व नेटवर्क कार्डचा पत्ता यांपासून क्रमांक बनविला जाई. त्यामुळे यंत्राची ओळख उघड होई. नंतर रूढ झालेल्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात. दोन संगणकांनी परस्परांना न विचारता तयार केलेले असे क्रमांक सारखे निघण्याची शक्यता व्यवहारात नगण्य ठरते.

सादरीकरणाचा प्रश्न :

क्रमांक अनन्य असला तरी तो सर्व प्रणालींत एकसारखा वाचला जाईलच असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत यूयूआयडीच्या पहिल्या तीन भागांतील बाइट सामान्यतः उलट क्रमाने साठविले जातात. ते तसेच अन्यत्र वाचल्यास वेगळाच क्रमांक दिसतो. मराठी वापरकर्त्याला याहून जवळची अडचण अंकांची आहे. देवनागरी ४ चा युनिकोडमधील क्रमांक २४१० आहे, तर इंग्रजी ४ चा ५२. वाचकाला दोन्ही लिप्यांतील पिनकोड एकच वाटतो. संगणकाला मात्र ती दोन भिन्न अक्षरमालिका वाटतात. त्याचप्रमाणे बँक खात्याचा क्रमांक 'संख्या' म्हणून साठविला, तर त्याच्या आरंभीची शून्ये गळतात. एक्सेलमध्ये पंधरापुढील अंकही टिकत नाहीत. अशा चुकीने एखाद्या शेतकऱ्याचे अनुदान किंवा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडकू शकते.

निष्कर्ष :

अर्थवाही क्रमांक माणसाला वाचता येतो, पण तो रचनेला बांधलेला असतो. अर्थशून्य क्रमांक टिकाऊ असतो, पण नोंदीवाचून निरुपयोगी ठरतो. यांपैकी कोणताही स्वीकारला तरी क्रमांक निर्माण करणे हे अर्धेच काम होय. तो संख्या म्हणून नव्हे, तर अक्षरमालिका म्हणून जपणे, एकाच लिपीतील अंकांत साठविणे आणि पडताळा-अंकाने तपासणे हे उरलेले अर्धे काम आहे. महाविद्यालयीन कार्यालयांच्या नोंदींनाही हाच नियम लागू पडतो. क्रमांकात झालेली चूक यंत्राला जाणवत नाही. तिची किंमत त्या क्रमांकामागील माणसाला मोजावी लागते.