शॅलचा दरारा

शॅल आणि विल यांची वाटणी छापून पसरवणारा माणूस गणिती होता, हे मला नोकरी संपल्यावर कळलं. जॉन वॉलिस, ऑक्सफर्डचा भूमितीचा प्राध्यापक. अनंतासाठी आडव्या आठासारखं चिन्ह वापरायला लागला तोच हा. 1653 साली त्याने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये, कारण वाचणारे परदेशी होते. त्यात त्याने सांगितलं की ‘मी’, ‘आम्ही’ यांच्यापुढे शॅल आला तर नुसता भविष्यकाळ आणि विल आला तर वचन किंवा धमकी. ‘तू’ किंवा ‘तो’ आला की सगळं उलट. गणित्यालाच सुचावी अशी मांडणी.

परक्यांसाठी केलेला नियम पुढे घरच्यांच्याच माथी बसला. लिंडली मरे या अमेरिकन वकिलाने यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर 1795 साली जे व्याकरण काढलं, ते शाळाशाळांत गेलं. मग हा नियम म्हणजे कुलीनपणाची खूण होऊन बसली. स्कॉटिश आणि आयरिश लोक तो सर्रास मोडत, म्हणून त्यांच्यावर विनोद रचले गेले. नदीत पडलेला एकजण ओरडतो, ‘आय विल ड्राऊन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरचे इंग्रज म्हणतात, गृहस्थाचा बुडायचा निश्चय दिसतो, आपण कशाला मध्ये पडा? 1906 मध्ये इंग्रजीच्या वापराचे धडे देणाऱ्या फाउलर बंधूंनी तर सांगूनच टाकलं की दक्षिण इंग्लंडच्या माणसाला हे उपजत येतं, इतरांना शिकून येणं कठीण. म्हणजे एडिंबरा बाद, डब्लिन बाद. आमच्या साताऱ्याचं तर बोलायलाच नको. तरी मास्तरांनी तो आमच्याकडून घोकून घेतलाच.

गंमत अशी की इंग्रज स्वतः तसं बोलत होते का, हे कुणी मोजलंच नव्हतं. ते चार्ल्स फ्रीझ या अमेरिकन प्राध्यापकाने 1925 मध्ये केलं. जुन्या-नव्या नाटकांतले संवाद चाळले, तर ‘मी’च्या पुढेही विलच जास्त.

मी कोर्टात इंग्रजी टायपिस्ट होतो, तेव्हा शॅलशी माझी गाठ रोजची. लिव्ह अँड लायसन्सचा करार घ्या. भाडेकरू दरमहा भाडं शॅल पे, हे कर्तव्य झालं. पुढच्याच कलमात मालक शॅल बी एन्टायटल्ड, म्हणजे हक्क. त्याच्याही पुढे ‘प्रिमायसेस’ शॅल मीन अमुक खोली, ही तर निव्वळ व्याख्या. तिन्हीकडे शब्द एकच. एकदा मी व्याख्येतला शॅल गाळला, तर वकीलसाहेब म्हणाले, “भाऊसाहेब, राहू द्या तो. पक्षकाराला कागद वजनदार वाटला पाहिजे.” त्यांचंही चूक नव्हतं, पक्षकार पैसे वजनाचेच मोजत होता.

वजनाचं माप मात्र शेवटी न्यायाधीशांच्या हातात. राज्यघटनेच्या 320 व्या कलमात लोकसेवा आयोगाचा सल्ला ‘शॅल’ घेतला जाईल असं आहे. 1957 साली उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा शॅल बंधनकारक नाही, सल्ला घ्यायचा राहिला म्हणून कारवाई रद्द होत नाही. घटनेतल्या शॅलची ही गत, तर भाडेकराराची काय कथा! उलट काही निकालांत ‘मे’चासुद्धा ‘मस्ट’ झालेला आहे. माझ्या मते ज्या शब्दाचा अर्थ लावायला निकालांचे गठ्ठे उपसावे लागतात, तो कराराच्या कागदात घालणं म्हणजे भांडण आगाऊ टाइप करून ठेवणं.

इतरांनी ते ओळखलं. दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या राज्यघटनेत कर्तव्य सांगायला मस्ट आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांची भाषा 2007 मध्ये नव्याने लिहिली, तेव्हा त्यांतून शॅल काढून टाकला. रोजच्या लिखाणातून तर तो आधीच उठत चालला होता. छापील ब्रिटिश इंग्रजीचे दहा-दहा लाख शब्दांचे दोन संग्रह आहेत, एक 1961 चा आणि एक 1991 चा. पहिल्यात शॅल 355 वेळा येतो, दुसऱ्यात 200 वेळा. आश्चर्य म्हणजे मस्टही घटला, 1147 वरून 814 वर. हुकूम सोडायला लोक लाजू लागले असावेत. ‘हॅव टू’, ‘नीड टू’ने काम भागतं.

आपल्याकडे लाज अजून आलेली नाही. 1862 पासून लागू असलेली दंडसंहिता 1 जुलै 2024 ला गेली आणि न्याय संहिता आली. खुनाचं कलम 302 चं 103 झालं, वकिलांना आकडे नव्याने पाठ करावे लागले. शिक्षेच्या वाक्यात मात्र ‘शॅल बी पनिश्ड’ जसंच्या तसं आहे.