टूर्सचे बिशप संत ग्रेगरी आणि हिंदुस्थानची वार्ता

आपले चिमूर ज्या चांदा धर्मप्रांतात मोडते, त्याचा संत थॉमस प्रेषिताशी संबंध काय, असे पुष्कळ भाविक विचारतात. १९६२ साली या अरण्यप्रदेशाचे मिशनकार्य मलबारच्या, म्हणजे त्या प्रेषिताच्या परंपरेतील, धर्मगुरूंकडे आले, हे त्याचे उघड उत्तर होय. परंतु थॉमसच्या हिंदुस्थानातील समाधीची हकीकत ज्यांनी दूर फ्रान्स देशात लिहून ठेवली, ते बिशप ग्रेगरी आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म इ. स. ५३८ च्या सुमारास क्लेरमाँ येथे एका थोर रोमन घराण्यात झाला. रोमची सत्ता लयास जाऊन त्या देशावर तेव्हा फ्रँक राजे राज्य करीत व भाऊबंदकीत एकमेकांचे रक्त सांडीत. तरुणपणी ग्रेगरी दुखण्याने जर्जर झाले असता टूर्स येथे संत मार्टिन यांच्या समाधीच्या यात्रेस गेले व बरे झाले. ५७३ मध्ये ते त्याच नगराचे बिशप झाले.

त्यांचा खरा कस ५७७ मध्ये पॅरिस येथे लागला. राजा चिल्पेरिक याने रूआँचे बिशप प्रेतेक्स्तातुस यांच्यावर राजद्रोहाचा आळ घेतला. जमलेले बिशप भयाने मौन धरून बसले. त्यांपैकी एकटे ग्रेगरी आरोपीच्या बाजूने बोलले. राणी फ्रेडेगुंड हिच्या माणसांनी, ग्रेगरींनी उलटावे म्हणून, त्यांना दोनशे पौंड चांदी देऊ केली. ती त्यांनी झिडकारली. प्रेतेक्स्तातुस मात्र हद्दपार झालेच. पुढे परत आल्यावर ५८६ मध्ये त्यांचा चर्चमध्येच घात झाला.

चांदीसाठी ज्याने आपली जीभ विकली नाही, त्याची साक्ष आपल्या उपयोगी पडते. हुतात्म्यांच्या गौरवार्थ लिहिलेल्या ग्रंथात ग्रेगरी सांगतात की, थॉमसचा देह पुढे एडेसा नगरास नेला. पण हिंदुस्थानात जेथे तो प्रथम पुरला होता, तेथे एक मठ व विशाल, सुशोभित मंदिर आहे आणि समाधीपुढे तेलावाचून अहोरात्र दीप तेवतो. हे त्यांना थिओडोर नामक, ते स्थळ स्वतः पाहून आलेल्या, मनुष्याने सांगितले. दीपाविषयी ज्याने त्याने आपले मत ठरवावे. मठाची वार्ता मात्र मोलाची होय. त्याच शतकात कॉस्मस या प्रवाशाने 'कल्लियाना' येथे इराणातून दीक्षित होऊन आलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि ते स्थळ म्हणजे आपले कोकणातील कल्याणच, असे बहुतेक विद्वान मानतात.

या स्मरणिकेसाठी वृद्धांच्या तोंडून जुन्या गोष्टी उतरवून घेताना मला त्या थिओडोरची वारंवार आठवण झाली.

ग्रेगरी ५९४ मध्ये निवर्तले. आपली लॅटिन भाषा गावंढळ आहे, अशी त्यांनी वाचकांची क्षमा मागितली होती. पण माझ्या ग्रंथांतून काही गाळू नका, असे उत्तराधिकाऱ्यांना शपथेवर विनविलेही होते. त्यांच्या इतिहासाचे दहाही खंड आज उपलब्ध आहेत.