चित्रगती आणि ‘संत तुकाराम’

चाकण-पिंपरीच्या कारखानदारी पट्ट्यात इंद्रायणीकाठी वसलेल्या देहूच्या संताचे चरित्र पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली पडद्यावर आणले. दामले-फत्तेलाल यांच्या ह्या बोलपटाची लांबी १३१ मिनिटे धरली जाते. एखाद्या डीव्हीडीवर ती १२६ मिनिटेच भरली, तर कात्री चालल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी अभ्यासकाने चित्रगती तपासणे इष्ट होय.

बोलपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चालतो. भारतातील वीज ५० आवर्तनांची असल्यामुळे दूरचित्रवाणीने २५ चित्रांची गती स्वीकारली. १९८२ साली आलेल्या रंगीत ‘पाल’ पद्धतीतही तीच राहिली. हा एका चित्राचा फरक मिटविण्यासाठी चित्रपट सुमारे ४ टक्के अधिक वेगाने पळवितात. ध्वनीही त्याबरोबर ओढला गेल्यास विष्णुपंत पागनिसांचा स्वर पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतराच्या सुमारे ७० टक्के वर चढतो. अशा प्रतीवरून भजनांच्या लयीविषयी केलेली विधाने फोल होत.

अमेरिकेच्या ‘एनटीएससी’ पद्धतीत सेकंदाला २९.९७ चित्रे असतात. तेथे मूळ चित्रे आळीपाळीने दोन व तीन अर्धचित्रांइतकी टिकवितात. हालचाल किंचित अडखळते, काल मात्र जवळजवळ अबाधित राहतो. म्हणून एनटीएससी प्रत प्रमाण मानण्याचा मोह होतो. परंतु ती पाल प्रतीवरूनच केलेली असेल, तर लगतची चित्रे मिसळून केवळ संख्या भरून काढलेली असते; गेलेली पाच मिनिटे परत येत नाहीत. त्यासाठी प्रथम २५ ची गती २४ वर आणून ध्वनीही तितकाच मंद करावा लागतो. अशी मिसळलेली प्रत ओळखणे अवघड नाही: एकेक चित्र थांबवून पाहिल्यास हलत्या हाताच्या दोन प्रतिमा एकमेकींवर पडलेल्या दिसतात.