गाडीत पाणी येतंय कुठून? सीलंट लावण्याआधी हे तपासा

गणपतीसाठी लालबाग-परळहून निघालेली गाडी गावच्या अंगणात लागते, दरवाजे उघडतात आणि सामानाआधी बाहेर येतो तो कुबट वास. मॅट उचलली तर खालचं कार्पेट ओलं. "काच थोडी उघडी राहिली असेल," असं म्हणत मॅट कुंपणावर वाळत पडते आणि विषय तिथेच संपतो. पुढच्या पावसात पुन्हा तेच.

हीच गाडी दोन-चार वर्षांनी तालुक्याच्या गावी विकायला येते. मुंबईची, एकहाती, फार न चाललेली. त्यामुळे गळतीचा प्रश्न मुंबईतल्या मालकाइतकाच गावाकडच्या गिऱ्हाइकाचाही आहे. आजकालच्या गाड्यांत वायरिंगचे मोठे जुडगे दरवाज्याच्या उंबऱ्यालगत आणि सीटखालून जातात. कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा वाटतो आणि आतल्या आत कनेक्टर गंजतात, तळाचा पत्रा सडतो. एअरबॅगचा दिवा विनाकारण पेटू लागला, सेंट्रल लॉक वेड्यासारखं वागू लागलं, की मेकॅनिक सेन्सर बदलतो. दोष मात्र पाण्याचा असतो.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. गिरगावातल्या चाळींपुढे किंवा दादरच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीत गाड्या रस्त्यावर, झाडांखाली उभ्या असतात. झाडाची सावली उन्हात बरी, पण पानं वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीत जाऊन बसतात. तिथून पाणी बाहेर जायला दोन्ही बाजूंना वाट असते. ती तुंबली की पाणी साचतं आणि ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून थेट आत उतरतं. गळतीचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण. जाळी उघडून कचरा हाताने काढला तर खर्च शून्य.

ओलं दिसतं तिथे भोक नसतं

पाणी छताच्या सांध्यातून शिरतं, पिलरच्या आतून उतरतं आणि पायाशी दिसतं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या पिलरमधून खाली जातात. एक नळी तुंबली किंवा सुटली की छताचं कापड किंवा कार्पेट भिजतं आणि दोष दिला जातो काचेला. मागच्या लाइटच्या गॅस्केटमधून आलेलं पाणी स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. घाट उतरताना तळातलं पाणी पुढे सरकतं, म्हणून गाडी गावाला पोचल्यावर पुढची बाजू ओली आणि मुंबईत मागची, असंही होतं.

दरवाज्याबाबत एक गैरसमज पक्का आहे. काचेच्या फटीतून दरवाज्याच्या आत पाणी जाणारच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशीच रचना असते. केबिनमध्ये पाणी येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा कागद किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना तो फाडला जातो, तसाच लोंबता सोडला जातो. मग मालक बीडिंग बदलत बसतो. खालची भोकं चिखलाने बंद असतील तर दरवाजा उघडताना आत पाण्याचा खळखळ आवाज येतो.

आधी पाणी कसलं ते ओळखावं. पाऊस नसताना, एसी लावल्यावर पुढच्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी आलं तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर तेलकट धुकं येत असेल तर ते कूलंट आहे, हीटरची गळती. यापैकी काहीच बॉडीची गळती नव्हे.

तपासणी दोन माणसांची. गाडी आतून कोरडी करावी, मॅट काढावी, उंबऱ्याची पट्टी सोडून कार्पेट उचलावं. तळात पाणी उभं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावं. सुरुवात खालून, आधी उंबरा, मग दरवाजा, मग काच, शेवटी छत. एका जागी निदान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काही कळत नाही. सर्व्हिसिंगवाल्यांचा जोराचा फवारा इथे कामाचा नाही, तो चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत घुसवतो. संशयाच्या जागी आतून टाल्कम पावडर भुरभुरावी, पाण्याची वाट त्यात रेघ उमटवते. बीडिंगसाठी कागदाची पट्टी दरवाज्यात धरून दरवाजा लावावा. पट्टी सहज ओढून आली तर त्या जागी रबर दबलेलं आहे.

दुरुस्ती शोधाच्या मानाने सोपी. सनरूफच्या नळीत तार घालू नये, ती फाटते. गवत कापायच्या मशिनची नायलॉनची दोरी चालते. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर नळी आतल्या जोडातून सुटते आणि दुखणं वाढतं. डोअर पॅडमागचा पडदा ब्यूटाइल टेपने चिकटवावा. पुढची काच आता रबरात बसवलेली नसते, पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते. ती गळत असेल, विशेषतः काच बदलल्यानंतर, तर काढून नव्याने बसवणं हाच उपाय. काचेच्या कडेने बाथरूमचं सिलिकॉन फिरवणं म्हणजे भोक तसंच ठेवून पाण्याची वाट बदलणं. त्यातल्या आंबट वासाच्या सिलिकॉनने पत्रा गंजतो, वर रंगही धरत नाही. घट्ट होणारी पुट्टी पत्र्याच्या हालचालीने तडकते. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्ट बाजारात बीडिंग मिळेल, पण आपल्याच मॉडेलची घ्यावी. "चालून जाईल" म्हणून घेतलेली बहुधा चालत नाही.

शेवटी फोम वाळवणं. हे टाळलं तर बाकी सगळं फुकट. कार्पेट गाडीत ठेवून वरून पंखा लावल्याने खालचा फोम वाळत नाही, तो बाहेरच काढावा लागतो.

मुंबईची गाडी घेताना

गळकी गाडी आणि बुडालेली गाडी यात फरक आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त 74. म्हणजे गाडी मुंबईची आहे एवढ्याने काही कळत नाही, ती कुठे उभी असायची ते विचारावं. परळ-दादरमधला हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट, पाणी तुंबण्यासाठी वर्षानुवर्षं ओळखला जाणारा. महापालिकेने जवळच जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या आहेत, तरी जुन्या पावसाळ्यांत तिथे भिजलेल्या गाड्या बाजारात असू शकतात. तळघरातल्या पार्किंगचीही चौकशी करावी.

गळतीचं पाणी एका कोपऱ्यात असतं. पुराचं पाणी चारी बाजूंना सारख्या उंचीवर खूण ठेवतं आणि सोबत गाळ आणतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, विक्रेता वरचा भाग धुतो, आत गुंडाळलेला विसरतो. स्टेपनी काढून खड्ड्यात हात फिरवावा, सीटच्या रुळांचे बोल्ट बघावेत. पेट्रोल-डिझेलच्या बोलण्याआधी ही दहा मिनिटं, आणि शक्य असेल तर पाऊस पडत असताना.