पाणी शुद्ध होते, नजर कधी होणार?

20 मार्च 1927. महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, त्यांच्यामागोमाग हजारोंनी ओंजळ भरली. मग सनातन्यांनी ‘बाटलेल्या’ तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या पाण्याच्या 108 घागरी ओतल्या. माणसाचा हात लागला की पाणी अशुद्ध, शेण पडले की शुद्ध! हे मनुवादाचे पाणीशास्त्र.

त्याच काळात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात वेगळे घडत होते. तिथली गोल्डन गेट पार्क ही वाळूच्या टेकड्यांवर उभी केलेली बाग. तिला आधी कच्चे सांडपाणीच दिले जाई. दुर्गंधीच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 1932 मध्ये बागेतच प्रक्रिया केंद्र उभारले आणि शुद्ध केलेले पाणी तिथल्या तळ्यांना, हिरवळीला दिले. मंत्र नाही, घागर नाही. गाळ खाली बसवायचा, घाण जिवाणूंकडून खाववायची, उरलेले जंतू मारायचे. अमेरिका काही समतेचा स्वर्ग नव्हती. काळ्यांवरचा अन्याय आम्ही विसरत नाही. पण पाण्याची शुद्धता तिथे प्रयोगशाळेने ठरवली, धर्मग्रंथाने नाही.

बाबासाहेबांची दृष्टीही हीच. मजूरमंत्री असताना, नोव्हेंबर 1945 मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी सांगितले की पाणी ही संपत्ती आहे, ते वाहून घालवू नका, साठवा आणि वापरा.

आज चंडीगढमध्ये बागांना शुद्ध केलेले सांडपाणी वेगळ्या नळाने मिळते. आम्ही याचे स्वागतच करतो. बागेवर पिण्याचे पाणी उधळायचे आणि वस्तीने टँकरची वाट पाहायची, हा अन्याय थांबलाच पाहिजे.

पण आमचा प्रश्न पुढचा आहे. ते सांडपाणी केंद्रापर्यंत वाहते ठेवायला गटारात कोण उतरतो? 2013 च्या कायद्याने सुरक्षेविना माणसाला गटारात उतरवणे गुन्हा ठरवले. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. तरी आमची माणसे गुदमरून मरतातच. गटारातले पाणी शुद्ध होऊन बागेत मानाने जाते. गटार साफ करणाऱ्याला मात्र त्याच बागेच्या बाकावर शेजारी बसवून घ्यायला लोक कचरतात.

म्हणून तरुणांनो, आपल्या महापालिकेला तीन प्रश्न विचारा. बागांना कोणते पाणी देता? वाचलेले पिण्याचे पाणी कोणत्या वस्तीला गेले? आणि गटारात यंत्र उतरते की माणूस? उत्तर लेखी मागा.

जय भीम!